जगदाळेजींची पाव मात्रा

एक दिवस सोडला, तर जगदाळेजींचे हात मी कधी कोरडे पाहिले नाहीत. सकाळी नमस्कारासाठी जोडले तरी बोटांच्या टोकांवरून पाणी गळत असायचं, आणि तेच पाणी मिशांना पुसून ते मिशा वळवायचे. मिशा भरघोस होत्या. त्यांचे पणजोबा संस्थानच्या घोडदळात होते, त्यांची तलवार छत्रीबागेतल्या घरी अजून होती. दसऱ्याला ती पुसून पूजेत ठेवायची आणि मग वर्षभर कपाटामागे. "पणजोबा तलवार धुवायचे, मी मुळं धुतो. खानदान धुण्याचंच आहे आपलं, भिया," असं ते नव्या माणसालाही इंदुरी पद्धतीनं भाऊ करून पहिल्याच भेटीत सांगत आणि समोरचा हसायच्या आधी स्वतःच हसत.

मुळं धुणं हेच त्यांचं काम होतं. मध्य प्रदेश होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. इंदूरच्या बाहेर शेतकी खात्याची एक लहानशी प्रयोगशाळा होती. तीन खोल्या, एक विहीर आणि मागे काचेच्या छताचं कुंडीघर. कमी-जास्त खतात, गोड्या-खाऱ्या पाण्यात पिकांची मुळं कशी वागतात याचा तिथे अभ्यास चाले. अभ्यास करणारे डॉक्टर सबनीस, टिपणं ठेवणारी मी, आणि ज्यांच्यावाचून आम्हा दोघांचं पान हललं नसतं ते जगदाळेजी. कारण मूळ मोजायचं तर आधी ते मातीतून अख्खं बाहेर यायला हवं. रोप ओढून काढलं तर जाड मुळं हातात येतात, आणि खरं अन्नपाणी घेणारी केसासारखी बारीक मुळं मातीतच राहतात.

जगदाळेजी ओढत नसत. आदल्या दिवशी कुंडी पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायची. सकाळी एक हात ढेकळाखाली, दुसऱ्या हातात झारी, आणि धार इतकी बारीक की माती आपणहून सोडून जावी. माळव्याची काळी माती ती, ओली झाली की गुळासारखी चिकटते. एका कुंडीला दोन-दोन तास लागत. शेवटी पांढरा झुपका पाण्यावर मोकळा झाला की तो काळ्या रंगाच्या ट्रेमध्ये पसरायचा आणि एकेका मुळीवरून शिवणाचा दोरा फिरवून लांबी घ्यायची. दोरा फिरवायचे ते, मोजायची मी. एखादी मुळी तुटली तर घरात काही अशुभ घडल्यासारखे आठवडाभर सांगत राहायचे, "तीन नंबरच्या हरभऱ्याची एक बारीक तुटली माझ्या हातून."

मी तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. मिरजेहून लग्न होऊन इंदूरला येऊन जेमतेम चार महिने झाले होते. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेलं, जिभेला धार, आणि डोक्यात राख घालून घ्यायला कारण लागत नसे. जुन्या इंदुरात आमचं बिऱ्हाड होतं. शेजारच्या बायका "सब्जी आणायला जाते, तुम्ही चलता का?" असं विचारायच्या आणि मी त्यांच्याबरोबर जाता जाता मनातल्या मनात त्यांची मराठी दुरुस्त करायची. बाजारात पोचलं की माझी पाळी. माझी हिंदी ऐकून सियागंजातला किराणेवाला गिऱ्हाइकं थांबवून हसायचा. घरात कुणी वाईट नव्हतं, नवरा तर साधाच होता बिचारा, पण मला इथलं काही म्हणता काही रुचत नव्हतं. पाणीसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शक मिळेल. मिळाली लेबलं. शंभरएक लाकडी पट्ट्या, रंगाची बाटली आणि एक कुंचला. अख्खा आठवडा मी 'गहू एक', 'गहू दोन' लिहीत बसले. दुसऱ्या आठवड्यात दोरा मोजायला मिळाला. तिसऱ्यात वही. सूक्ष्मदर्शकाला हात लागायला दीड महिना गेला. डॉक्टर सबनीस बायकांना कमी लेखतात अशी मी खूणगाठ बांधली आणि घरी नवऱ्यापाशी रोज त्यांचा उद्धार केला.

मुळं बघायला मात्र मला जगदाळेजींनी शिकवलं. कुंडीघराच्या कोपऱ्यात पुढच्या बाजूला काच लावलेली एक लाकडी पेटी होती. काचेवर काळा कपडा असे, कारण मुळांना उजेड आवडत नाही. पेटीत एका बाजूला शेणखताची माती, दुसऱ्या बाजूला नर्मदेची धुतलेली वाळू, आणि बरोबर मधल्या रेघेवर गव्हाचं एक रोप. जगदाळेजींनी कपडा उचलला. खताच्या बाजूला मुळांची नुसती दाटी झाली होती. वाळूच्या बाजूला दोनच मुळ्या, पण लांबच लांब, खाली तळापर्यंत गेलेल्या.

"इकडे खायला आहे ना बाई, म्हणून सगळी पंगतीला बसली," ते म्हणाले. "तिकडे काही नाही. म्हणून दोघांना पुढे पाठवलं. जाओ भिया, देख के आओ, काही मिळतंय का."

दुसऱ्या पेटीत त्यांनी मातीत एका जागी मिठाचा पट्टा भरला होता. सरळ खाली चाललेली मुळी त्याच्या बोटभर अलीकडे वळली होती आणि कडेकडेनं निघून गेली होती.

"आणि वळायला जागाच नसली तर?" मी विचारलं. "चारी बाजूंनी मीठच असलं तर?"

त्यांनी कपडा पुन्हा नीट लावला. मुलाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा, चारी टोकं दाबून. "मग थांबते. एकदम आलं ना मीठ, तर घाबरते. वाढणंच बंद. पण हळूहळू आलं तर आतल्या आत सगळं सामान इधर का उधर करून घेते आणि राहते. संस्थानच्या बागेत एका उन्हाळ्यात विहीर खारी होत गेली होती. जुनी झाडं राहिली बाई. त्याच पाण्यावर लावलेली नवी सगळी गेली. किताबात काय आहे ते तुम्ही बघा, मी बघितलं ते सांगतो."

किताबात बघायचं मी मनावर घेतलं नाही.

पाणी किती खारं आहे ते जगदाळेजी जिभेनं सांगत. करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे. डॉक्टरसाहेबांना हे पटत नसे. एकदा त्यांनी सहा पेल्यांत कमी-जास्त मिठाचं पाणी भरलं, बुडाला आकडे चिकटवले आणि जगदाळेजींना क्रम लावायला सांगितलं. सगळं ऑफिस गोळा झालं. चार बरोबर आले, दोन चुकले. जगदाळेजींचा चेहरा पडला. मग म्हणाले, "साहेब, आज सकाळी पोह्यांवर सेव जास्त पडली. जिभेचा भरवसा नाही आज." सगळे हसले. पण त्या दिवसापासून कामाच्या दिवशी सकाळी त्यांनी सेव सोडली. इंदूरचा माणूस कोरडे पोहे खातो म्हणजे काय, हे इंदूरच्याच माणसाला कळेल. मला कळायला बरीच वर्षं लागली.

जगदाळेजी हंगामी होते. संस्थानच्या बागेत ते कितीतरी वर्षं होते, पण संस्थान गेलं, मध्य भारत आला, तोही गेला, मध्य प्रदेश आला, कागद ग्वाल्हेरला गेले, भोपाळला गेले, आणि त्या जा-येत त्यांच्या जुन्या नोकरीचे कागद कुठे पडले ते कुणालाच सांगता येईना. आमच्याकडे हजेरीपुस्तकात कायम माणसांची नावं शाईनं असत आणि हंगामी माणसांची पेन्सिलीनं. दर तीन महिन्यांनी हंगामींची यादी नवी व्हायची, तेव्हा खोडायला बरं. हेडक्लार्क जगदाळेजींचं नाव खोडायचे आणि त्याच जागी पुन्हा लिहायचे. "माझ्या नावाखाली कागद मलमलचा झालाय," जगदाळेजी म्हणायचे. "एक दिवस आरपार दिसेल."

हसत म्हणायचे, पण लागायचं त्यांना. एकदा हळदीकुंकवाला त्यांच्या घरी गेले होते तेव्हा जगदाळेकाकूंनी मला स्वयंपाकघरात ओढून सांगितलं, "कुणी विचारलं ना बाई, कुठे नोकरीला आहात, तर हे म्हणतात 'तिकडे जातो रोज.' नोकरीला आहे म्हणून नाही सांगत. मी बोलून ठेवलंय, ज्या दिवशी नाव शाईत लागेल त्या दिवशी तुमच्या पूर्ण ऑफिसला पुरणपोळी. डाळ घरात ठेवलेलीच असते मी."

माझ्या दुसऱ्या वर्षी ती डाळ शिजायची वेळ आली. आसपासच्या काही गावांत विहिरींचं पाणी खारं होतं आणि गहू धरत नव्हता. डॉक्टरसाहेबांना एका जातीच्या गव्हाबद्दल आशा होती. त्यांनी कुंड्यांच्या तीन ओळी लावल्या. पहिलीला गोडं पाणी, दुसरीला निम्मं खारं, तिसरीला विहिरींइतकं खारं. खारं पाणी रोपं दहा दिवसांची झाल्यावर सुरू करायचं. पाणी घालायचं काम जगदाळेजींचं, आणि ते आम्ही यायच्या आधी, सकाळी सातलाच व्हायचं. मी दहाला येऊन वही उघडायची आणि कुंडीघराच्या दारातूनच विचारायची, "तिसरी ओळ?" "दिली, बाई," आतून आवाज यायचा. मी लिहायची, 'पूर्ण मात्रा'.

तिसरी ओळ तगली. थोडी बुटकी राहिली, पण हिरवीगार, ओंब्या भरल्या. जगदाळेजींनी मुळं धुऊन काढली तर पांढरीशुभ्र, केसाळ, जिवंत. डॉक्टरसाहेबांनी त्या दिवशी जिलबी मागवली आणि आम्ही ती चक्क कुंडीघरात उभ्यानं खाल्ली. निकाल भोपाळला गेला. त्याच पाकिटात त्यांनी दुसरा कागद घातला, की हा प्रयोग ज्यांच्या हातांनी झाला त्या माधवराव जगदाळ्यांना कायम करावं. उन्हाळ्यात तोंडी निरोप आला, होऊन जाईल. त्या जातीच्या बियाण्याची पोती येऊन गोदामात लागली. दसऱ्यानंतर ती गावांना पाठवायची होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी त्यातल्या एका गावचे दोन शेतकरी बियाण्याची चौकशी करायला आले. डॉक्टरसाहेब त्यांना कुंडीघर दाखवत होते, जगदाळेजी झारी भरत होते, मी लेबलं पुसत होते.

"साब, बोनी तो नमी में हो जाएगी, पर पहला पानी भी खारा ही देना पड़ेगा," त्यांतला म्हातारा म्हणाला. "गाँव में दूसरा पानी है ही नहीं।"

"चलेगा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "हमने भी दस दिन के पौधों को एकदम पूरा खारा ही दिया है।"

झारी भरून वाहायला लागली. जगदाळेजी तिच्याकडे बघत उभे होते आणि नळ बंद करत नव्हते. मीच जाऊन बंद केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते उशिरा आले. टोपी हातात धरून डॉक्टरसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले. मी तिथेच बाजूला वही लिहीत होते. माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. कोरडे होते. म्हाताऱ्या माणसाचे, सुरकुतलेले, नखांच्या कडा फुटलेले हात. पहिल्यांदाच बघत होते मी ते.

"साहेब, तिसऱ्या ओळीला पूर्ण मात्रा नव्हती."

"म्हणजे?"

"होती. पण पहिल्या दिवसापासून नाही. आधी तीन दिवस पाव. मग तीन दिवस अर्धी, मग पाऊण. त्याच्यानंतर पूर्ण, रोज, आईशप्पथ. झारीत गोडं पाणी मिसळून द्यायचो."

"कुणी सांगितलं होतं असं करायला?"

"कुणी नाही. दहा-दहा दिवसांची रोपं साहेब, एवढी एवढी. त्यांच्यावर एकदम मीठ ओतायचं म्हणजे... हात नाही उठला. मला वाटलं, पूर्णवर पोचायचंच आहे ना, तर हळूहळू पोचू. पोचण्याशी मतलब."

डॉक्टरसाहेब तापट होते, पण त्या वेळी त्यांचा आवाज अगदी खाली आला. "वर्ष होत आलं, जगदाळे. आणि आज सांगताय?"

"मला गलत वाटलंच नव्हतं साहेब. त्या दिवशी तो म्हातारा बोलला तेव्हा समजलं. त्याच्याकडे पाव-अर्धी कोण करणार? गोडं पाणीच नाही. पहिल्या पाण्यालाच रोपं जळतील त्याची."

"भोपाळच्या पाकिटात तुमचाही कागद आहे. ठाऊक आहे ना?"

"हौ साहेब."

"मग?"

"काल घरी तेच बोलत होतो." जगदाळेजींनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "ही म्हणाली, पुरण मी असंच करीन एखाद्या दिवशी, तुम्ही सांगून या."

डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही वहीत काय लिहीत होता?"

"त्यांची काही गलती नाही," जगदाळेजी घाईनं म्हणाले. "त्या विचारायच्या, मी दिली म्हणायचो."

गलती माझीही होती. दारापासून झारीपर्यंत वीस पावलं होती आणि ती मी एकदाही चालले नव्हते. हे मी तेव्हा बोलले, पण फार हळू आवाजात, आणि ते कुणी ऐकलं की नाही कोण जाणे. आजही त्याची मला लाज वाटते.

पोती गोदामातच राहिली. डॉक्टरसाहेबांनी भोपाळला लिहून निकाल परत मागवला, आणि एकच पाकीट असल्यामुळे जगदाळेजींचा कागदही त्याच्याबरोबर परत आला. ते जगदाळेजींशी बोलेनासे झाले. त्यांना फाटकाजवळच्या मेंदीच्या कुंपणाला पाणी घालायला लावलं. मुळं मी धुवायला लागले आणि बेसुमार तोडायला लागले. जेवणाच्या सुट्टीत जगदाळेजी कुंडीघराच्या बाहेर येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. काचेवर नाक टेकवून माझा ट्रे बघायचे, तुटलेल्या मुळीकडे बोट दाखवायचे आणि हातानं खूण करायचे, हळू, आणखी हळू.

दिवाळी झाली आणि एका सकाळी डॉक्टरसाहेब स्वतः फाटकापर्यंत चालत गेले. काय बोलले ते मला दिसलं नुसतं, ऐकू आलं नाही. परत येऊन मला म्हणाले, "त्याच गव्हाच्या दोन ओळी लावायच्या. एकीला खाऱ्या पाण्याच्या पहिल्या दिवसापासून पूर्ण मात्रा. दुसरीला त्यांच्या पद्धतीनं. पाणी जगदाळेच घालतील. तुम्ही शेजारी उभ्या राहायचं."

उभी राहिले. रोज सकाळी सातला, थंडीत कुडकुडत. दहाव्या दिवशी जगदाळेजींनी पहिल्या ओळीवर पूर्ण खारं पाणी ओतलं. "माफ करना, भिया," ते रोपांना म्हणाले. मला हसू आलं नाही.

आठवडाभरात त्या ओळीच्या पानांची टोकं पिवळी पडली. पंधरा दिवसांनी दोन्ही ओळींतलं एकेक रोप धुऊन ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवलं. एकाची मुळं आखूड, तपकिरी, बोडकी. दुसऱ्याची पांढरी, लांब, केसाळ. गहू तोच, आणि त्या दिवशी मिळणारं पाणीही तेच. फरक तेवढा पाव आणि अर्ध्याचा. डॉक्टरसाहेब स्टूल ओढून त्या ट्रेसमोर बसले.

"हे मला आधी सुचायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्हाला किताबं वाचायची असतात साहेब," जगदाळेजी म्हणाले. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटायचं.

पुढच्या वर्षी पोती निघाली, पण बरोबर सूचनाही गेली. पावसाचं पाणी तळ्यात धरून ठेवा, पहिलं पाणी त्याचं द्या, मग विहिरीचं थोडं थोडं मिसळत न्या. ज्या गावांत तळी होती तिथे जमलं. ज्या गावांत नव्हती तिथे आम्ही बियाणं पाठवलंच नाही. तो म्हातारा शेतकरी त्या दुसऱ्या गावांपैकीच एका गावचा होता. जगदाळेजींनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या गावात तळं कुठे खोदता येईल यावर दोघं मेंदीच्या कुंपणाशी दुपारभर बोलत बसले.

कायम करण्याचा कागद डॉक्टरसाहेबांनी पुन्हा पाठवला. या वेळी तो 'वयात बसत नाही' असा शेरा घेऊन आला. जगदाळेजींनी तो शेरा मला दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "बरोबर आहे. दाढा पण पडल्या ना आता." त्या दिवशी त्यांनी तेरा कुंड्या धुतल्या. एरवी चार धुवायचे.

आणखी तीन वर्षांनी त्यांचा शेवटचा दिवस आला. मुलगा सुरेश भिलाईच्या कारखान्यात लागला होता, तो दोघांना तिकडे घेऊन जाणार होता. हार, नारळ, दोन शब्द झाले. मग डॉक्टरसाहेबांनी हजेरीपुस्तक मागवलं, आपल्या पेनाचं टोपण काढलं, आणि त्या मलमल झालेल्या जागेवर, पेन्सिलीच्या अक्षरांवरूनच, सावकाश लिहिलं: माधवराव जगदाळे. शाई कागदात थोडी पसरली.

"साहेब, ऑडिट!" हेडक्लार्क पुटपुटले.

"ऑडिटला सांगा मी लिहिलं म्हणून."

जगदाळेजी वाकून बघत राहिले. नेहमीप्रमाणे सकाळी मुळं धुऊन आले होते, हात ओले होते. नावाला बोट लावायची त्यांची इच्छा मला स्पष्ट दिसत होती. पण शाई फिसकटेल म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते. "हिला सांगतो, डाळ भिजव," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी बांधाबांध अर्धवट टाकून काकूंनी अख्ख्या ऑफिसला पुरणपोळी घातली.

गाडीवर पोचवायला मी गेले होते. डब्यात सामान लावून झालं होतं, खिडकीशी तुपाचे दोन मोठे घासलेले डबे होते. मी विचारलं, यात काय?

"पाणी," काकूंनी कपाळाला हात लावला. "सुरेशला पत्र लिहून भिलाईचं पाणी मागवलं यांनी. पंधरा दिवस झाले, माझ्या चहात पण पाव-अर्धी चालू आहे. एका डब्यात ते उरलेलं, दुसऱ्यात इथलं. रस्त्यात मिसळून प्यायचं म्हणे. सूनबाई काय म्हणेल!"

"लोखंडाचं पाणी आहे तिकडे," जगदाळेजी गंभीरपणे म्हणाले. "या वयात एकदम नाही झेपत."

मग मला जवळ बोलावलं. "बाई, सोमवारी माझ्या जागी नवीन माणूस येतोय, घनश्याम. त्याला पहिल्याच हप्त्यात मुळं नका देऊ. आधी लेबलं. मग दोरा. मग हळूच झारी."

"लेबलं?" मी म्हटलं.

"तुम्हाला नव्हती दिली? डॉक्टरसाब तर पहिल्याच दिवशी तुम्हाला सगळं देणार होते, वही, सूक्ष्मदर्शक, सगळं. मी म्हटलं, साहेब, पोरगी लांबून आलीय, घर नवीन, भाषा नवीन, पाणी पण नवीन आहे. डोळे रोज सुजलेले असतात तिचे. आधी पावच द्या."

घरी रडून मी तोंडावर पाणी मारून येत असे, आणि मला वाटायचं कुणाला कळत नाही. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीसाठी डॉक्टरसाहेबांना शिव्या दिल्या होत्या ती या माणसानं माझ्यासाठी मागून घेतली होती. मला तिथेच, प्लॅटफॉर्मवर, सगळ्यांसमोर रडू कोसळलं. काकू म्हणाल्या, "अगं वेडे." जगदाळेजींनी खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला. डबे भरताना ओला झालेला हात. गाडी हलली तरी तो थोडा वेळ तसाच होता, मग सुटला, आणि मग नुसता हलताना दिसत राहिला.

मी बाहेर आले. टांगे उभे होते. केसांतून पाणी कानामागे उतरत होतं, ते मी पुसलं नाही.

"जूनी इंदौर चलो, भिया," मी टांगेवाल्याला म्हटलं, "पर जरा धीरे।"

तो हसला नाही. "बैठो बेन," म्हणाला, आणि त्यानं लगाम उचलला.